बटणाचा हँडब्रेक आणि मागच्या चाकाआडची ओल

गणपतीच्या आधीचे चार दिवस आमच्या गॅरेजला उसंत नसते. मुंबईहून गावी निघालेल्या गाड्या परशुराम घाट उतरून चिपळूणात आल्या की कुणाचा एसी, कुणाचं पंक्चर, कुणाचा क्लच, रांगच लागते. गेल्या वर्षी अशाच गर्दीत एक निवृत्त मास्तर आले. गाडी चार वर्षांची, स्वच्छ ठेवलेली. म्हणाले, "ब्रेक ऑइल जरा कमी दाखवतंय. तेवढं भरून द्या, म्हणजे मी सुटलो."

भरून द्यायला दोन मिनिटं लागतात. पण ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळून संपत नाही. ते कमी झालं म्हणजे एक तर पॅड झिजलेत, नाही तर ते कुठून तरी बाहेर पडतंय. मास्तरांना चहा दिला आणि टॉर्च घेऊन मागच्या चाकाआड वाकलो. उजवीकडे सगळं कोरडं. डावीकडे रिमच्या आतल्या अंगाला तपकिरी चिखल बसला होता. कोकणातल्या पावसात तो असतोच, पण हा चिखल ओला होता, चकचकत होता आणि बोट लावलं की निसटत होता. चाक काढलं. कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिस्टनवरचं धुळीचं रबर एका जागी कापलेलं, आणि तिथूनच ओघळ खाली आलेला.

"मास्तर, पॅड कधी बदललेत?"

"मे महिन्यात. का हो?"

रबरावरचा काप सरळ होता. दगडाने फाटलं तर कडा वेड्यावाकड्या असतात. हा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाचा होता. मे महिन्यात पॅड बदलताना कुणीतरी पिस्टन आत ढकलायला स्क्रूड्रायव्हर अडकवून जोर लावला, रबर कापलं गेलं, पावसाळ्यात त्या फटीतून पाणी आणि माती आत गेली, पिस्टनला गंज धरला आणि त्या गंजाने ऑइल अडवणारं आतलं रबर, म्हणजे सील, घासून काढलं. तीन महिन्यांत काम झालं.

मास्तरांच्या गाडीला बटणाचा हँडब्रेक होता, म्हणजे लिव्हरऐवजी बटण ओढलं की मोटर ब्रेक लावते तो. अशा हँडब्रेकची सीलं आपोआप म्हातारी होऊन गळायला लागतात तशा गाड्या माझ्याकडे कमी येतात. पॅड बदलताना दुखावलेली सीलं जास्त येतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, गाडीवाल्यांसाठी आणि हातात पाना धरणाऱ्या पोरांसाठीही.

आत नेमकं काय असतं

आधी तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे तो बघा. काही गाड्यांत बटण असलं तरी एक मोटर जुन्यासारखीच केबल ओढते. त्या हँडब्रेकच्या भागात ऑइलचा संबंध नाही. पण क्रेटा, सफारी, एक्सयूव्ही७०० अशा गाड्यांच्या वरच्या मॉडेलांत बटण आलं आणि हल्ली बऱ्याच गाड्यांत दिसतो तो प्रकार वेगळा: मागच्या कॅलिपरच्या पाठीवरच मोटर बसवलेली. चाकाआड वाकून बघा. कॅलिपरला तळहाताएवढी काळी प्लॅस्टिकची डबी स्क्रूने बसवलेली आणि तिला वायरचा कनेक्टर गेलेला दिसला, तर हे तुमच्यासाठी आहे.

त्या डबीत छोटी मोटर आणि गिअर असतात. ते एक स्क्रूचा दांडा फिरवतात. दांड्यावर नट असतो, तो पिस्टनच्या पोटात असतो. बटण ओढलं की दांडा फिरतो, नट पुढे सरकतो आणि पिस्टनला आतून ढकलून पॅड डिस्कवर दाबतो. पायाने ब्रेक मारला की तोच पिस्टन ऑइलच्या दाबाने पुढे जातो. पिस्टन एकच, त्याला ढकलणारे दोन. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आता ऑइल अडवणारं काय काय आहे ते बघू. पिस्टनभोवती कॅलिपरच्या खाचेत एक चौकोनी काटछेदाचं रबर असतं. हे मुख्य सील. ते नुसतं ऑइल अडवत नाही. ब्रेक मारला की पिस्टनबरोबर ते किंचित पिळलं जातं आणि पाय उचलला की पुन्हा सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. म्हणून पॅड डिस्कला घासत राहत नाहीत. सील कडक झालं तर गळतीच्या आधी हे ओढणं बंद होतं. पॅड चिकटून राहतात, चाक तापतं आणि तापल्यावर सील आणखी कडक होतं. त्याच्या बाहेर धुळीचं रबर, आम्ही त्याला बूट म्हणतो. ते ऑइल अडवत नाही, माती आणि पाणी अडवतं.

तिसरं सील जुन्या हँडब्रेकवर शिकलेल्या कारागिराच्या लक्षात येत नाही. स्क्रूचा दांडा ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि त्याचं मागचं टोक मोटरच्या डबीत शिरतं. जिथून ते बाहेर पडतं तिथे दांड्याभोवती एक सील असतं. ते गेलं तर ऑइल चाकावर येत नाही, थेट मोटरच्या डबीत जातं. बाहेर थेंब पडत नाही आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल मात्र कमी होत राहतं. चौथं, डबी आणि कॅलिपर यांच्यामध्ये गोल रबराची रिंग असते. तिचं काम बाहेरचं पाणी डबीत येऊ न देणं.

ओल कसली आहे ते आधी ओळखा

मागच्या चाकाआड ओल दिसली की ती ब्रेक ऑइलचीच असेल असं नाही. मागचा शॉकअप गळत असेल, मागच्या चाकावर चालणारी गाडी असेल तर ॲक्सलचं ऑइल असेल, नाही तर धुलाईचं पाणी असेल.

आम्ही एका स्टीलच्या वाटीत पाणी घेतो आणि पांढऱ्या कागदाने ती ओल पुसून एखादा थेंब पाण्यात सोडतो. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. शॉकअपचं किंवा गिअरचं ऑइल वर तरंगतं, त्याचे इंद्रधनुषी डोळे दिसतात. गिअरच्या ऑइलला सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास येतो, ब्रेक ऑइलला येत नाही. ब्रेक ऑइल रंगही खातं. कॅलिपरचा रंग फुगलेला, पापुद्रे सुटलेले दिसले तर ते बरेच दिवस गळतंय असं समजा. हात लगेच साबणाने धुवा आणि गाडीच्या बॉडीवर थेंब पडला तर वर पाणी ओता.

पातळी कमी झाली तरी लगेच गळतीचा शिक्का मारू नका. पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येत जातो आणि त्याच्या मागची जागा भरायला टाकीतलं ऑइल खाली जातं. ही पातळी हळूहळू, महिनोन्महिने उतरते. ती वर-वर भरत राहिलात तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे जाईल आणि टाकी उतू जाईल. म्हणून पातळी खालच्या रेषेकडे आली की भरण्याआधी पॅडची जाडी बघा. पॅड चांगले जाड आहेत आणि पातळी तरीही उतरतेय, तर गळती शोधायलाच हवी.

शोधताना मी ठरावीक क्रमाने जातो. कॅलिपरला येणाऱ्या होज पाइपचा जोड, तिथले तांब्याचे वॉशर, हवा काढायचा निपल, मग बुटाची खालची कड, मग मोटरची डबी. डबीच्या सांध्यावर ओल किंवा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर दांड्याच्या सीलवर संशय घ्या. आणि पायाची परीक्षा: इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबा आणि अर्धा मिनिट तसाच धरून ठेवा. पॅडल हळूहळू खाली जात असेल तर ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

पॅड बदलताना

इथे मी जास्त वेळ घेणार आहे.

माझ्याकडे पहिल्यांदा असा कॅलिपर आला तेव्हा मी वीस वर्षं ब्रेक करत आलो होतो. क्लॅम्प लावला, फिरवला, पिस्टन हलेना. जुन्या मागच्या कॅलिपरचा पिस्टन गोल फिरवून आत न्यावा लागतो, म्हणून फिरवूनही बघितला. मग क्लॅम्पच्या दांडीला पाइप लावून जोर वाढवला. आत काहीतरी कट्कन वाजलं. तो पिस्टनच्या पोटातला नट होता. नट पुढे आलेला असताना मी पिस्टनला मागे रेटत होतो. कॅलिपर नवा घालावा लागला आणि त्याचे पैसे मी दिले. त्या दिवसापासून आमच्या गॅरेजात एक नियम आहे: स्कॅनरशिवाय, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राशिवाय, या कॅलिपरला हात लावायचा नाही.

गाडी सपाट जागेवर घ्या. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, कारण थोड्या वेळाने हँडब्रेक पूर्ण मोकळा होणार आहे. ऑटो होल्ड, म्हणजे गाडी थांबली की ब्रेक आपोआप धरून ठेवायची सोय, बंद करा. बॅटरी कमजोर असेल तर चार्जर लावूनच सुरुवात करा, कारण मोटर अर्ध्यात थांबली की डोकेदुखी होते. मग स्कॅनर लावून मागचे पॅड बदलण्याचा सर्व्हिस मोड चालू करा, त्यात मोटर नट मागे घेते. दोन्ही चाकांकडून मोटरचा आवाज येतो आणि थांबतो. तोवर कान देऊन उभं राहा. एकाच बाजूचा आवाज आला तर काम तिथेच थांबवा. काही गाड्यांत बटण आणि पॅडलच्या ठरावीक क्रमाने हा मोड लागतो. तो क्रम त्या गाडीच्या पुस्तकात असेल तरच वापरा, दुसऱ्या गाडीचा याला लावू नका.

मोड लागल्यावर काम संपेपर्यंत बटणाला कुणीही हात लावायचा नाही. मी स्टिअरिंगला लाल चिंधी बांधतो. पॅड काढलेले असताना कुणी बटण ओढलं तर मोटर पिस्टनला ढकलत राहते, समोर अडवायला काही नसतं. पिस्टन सीलच्या बाहेर निघाला की सगळं ऑइल जमिनीवर. बऱ्याच गाड्या दार उघडलं किंवा इग्निशन बंद केलं की हँडब्रेक आपणहून ओढतात, म्हणून सर्व्हिस मोड टाळून "नुसता मोकळा करून" काम करणं धोक्याचं आहे.

चाक काढल्यावर कॅलिपर सोडवा आणि तारेने स्प्रिंगला टांगा. होजवर लोंबकळत ठेवू नका, मोटरच्या वायरवर तर नाहीच.

आता थांबा आणि पिस्टन बघा. पॅड झिजलेले असतात तेव्हा पिस्टनचा जो भाग बाहेर असतो तो बुटाच्या आत का होईना, दोन-तीन वर्षांचा मळ आणि ओलावा खाऊन बसलेला असतो. तो तसाच मागे ढकलला की तो मळलेला भाग थेट सीलवरून आत जातो. सँडपेपरवर रबर ओढावं तसं होतं. म्हणून बुटाची कड हलक्या हाताने, बोथट प्लॅस्टिकच्या पट्टीने वर करा आणि नव्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या चिंधीने पिस्टन सगळीकडून पुसा. चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसा. मग पिस्टनवरून नख फिरवा. डाग असला तरी नख सरकत गेलं तर चालेल. नख अडकलं तर तिथे गंजाने खड्डा पडलाय आणि तो खड्डा नवं सीलसुद्धा कापणार. एमरी पेपर मारून तो भाग चकचकीत करणारे कारागीर मी बघितलेत. त्याने वरचा कठीण थर निघून जातो आणि गंज दुप्पट वेगाने येतो. असा पिस्टन पुन्हा बसवू नका.

पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गंज सोडवायचे स्प्रे आणि साधं ग्रीस यांपैकी काहीही या रबराजवळ आणू नका. ब्रेकचं रबर इपीडीएम जातीचं असतं. ब्रेक ऑइलमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं, पण खनिज तेल लागलं की फुगतं. फुगलेलं सील पिस्टनला पकडून ठेवतं, चाक मोकळं फिरत नाही आणि महिन्याभरात ते सैल पडून गळतं. डब्यात चुकून थोडं इंजिन ऑइल पडलं तरी सगळीच रबरं जातात. ब्रेक क्लीनर डिस्कवर आणि लोखंडावर मारा, बुटाखाली फवारू नका.

पिस्टन मागे नेताना टाकीचं झाकण उघडं ठेवा. टाकी काठोकाठ असेल तर सिरिंजने थोडं ऑइल काढून घ्या. मी आणखी एक गोष्ट करतो: निपलला पारदर्शक नळी लावून बाटलीत सोडतो, निपल अर्धा फेरा उघडतो आणि मग पिस्टन ढकलतो. कॅलिपरच्या तळाचं सगळ्यात घाण ऑइल मागे एबीएसच्या ब्लॉककडे न जाता बाटलीत येतं. जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवायचा म्हणजे जोर सारखा पडतो. क्लॅम्प हळू, एका वेळी पाव फेरा. पिस्टन तिरका जाऊ लागला तर मागे घ्या. सर्व्हिस मोड नीट लागला असेल तर पिस्टन लोण्यात सुरी जावी तसा जातो. जोर लागतोय असं वाटलं तर समजा, आतला नट मागे आलेला नाही. हात थांबवा आणि पुन्हा स्कॅनरकडे जा.

पिस्टन आत गेला की निपल बंद करा आणि बुटाची कड खाचेत पूर्ण वर्तुळात बसली का ते बोटाने चाचपा. पॅडच्या मागची पट्टी बुटाला चिमटा तर काढत नाही ना, तेही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा आणि त्यांची छोटी बुटं फाटलेली असतील तर बदला. पिन जाम झाली तर कॅलिपर तिरका दाबतो आणि पिस्टन सीलच्या एकाच बाजूवर घासतो. एका बाजूने जास्त झिजलेले, पाचरीसारखे पॅड निघाले तर पिना बघितल्याशिवाय नवे घालू नका.

सगळं जोडल्यावर पहिलं काम म्हणजे पॅडल मारणं. दहा-पंधरा वेळा, कडक लागेपर्यंत. त्याआधी हँडब्रेकचं बटण ओढायचं नाही. पॅडल कडक झालं की स्कॅनरवरून सर्व्हिस मोड बंद करा, कॅलिब्रेशन मागितलं तर करा. मग टिश्यू पेपरचा तुकडा कॅलिपरच्या खालच्या कडेला दाबून पंधरा मिनिटं थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक तुकडा. दोन्ही कोरडे निघाले तर काम झालं.

मोटरची डबी काढायची वेळ आली, म्हणजे बॅटरी मेली आणि चाक जाम आहे, तर साधारण दोन स्टार स्क्रू असतात. डबी काढली तरी ऑइल सांडत नाही. दांड्याचं टोक समोर दिसतं आणि ते हाताने फिरवून ब्रेक मोकळा करता येतो. चाक मोकळं झालं की थांबा, उगाच आणखी फिरवू नका. पण त्या टोकाभोवती ओल दिसली तर तिसरं सील गेलंय. डबी परत लावताना गोल रिंग नवी घाला. जुनी रिंग चपटी झालेली असते, पहिल्या पावसात पाणी आत घेते.

ऑइल बदलण्याची गोष्ट

आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नाहीच. ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. त्याचा दर्जा डॉट ३, डॉट ४ असा डब्यावर लिहिलेला असतो. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ चं हेच गणित २०५ आणि १४० असं आहे. घाटात उकळलं की वाफ होते आणि पॅडल तळाला जातं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. सीलच्या बाजूने बघा. ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं फिरत नाही. कॅलिपरमध्ये गेलेलं तिथेच पडून राहतं. त्यातलं पाणी पिस्टनला, कॅलिपरच्या आतल्या भिंतीला आणि त्या स्क्रूच्या दांड्यालाही गंज चढवतं. दांडा खरबरीत झाला की दर वेळी बटण ओढल्यावर तो सीलच्या आत फिरताना त्याला खरवडतो. मोटरच्या डबीतली गळती बहुतेक वेळा इथून सुरू होते.

म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदला, गाडी कमी चालली असली तरी. पाणी किलोमीटर बघून शिरत नाही. नुसतं टाकीतलं ओढून नवं भरणं म्हणजे ऑइल बदलणं नव्हे, चारही निपलांतून जुनं बाहेर काढावं लागतं. झाकणावर जे लिहिलंय तेच घाला. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ नाव सारखं असलं तरी ग्लायकॉलचंच आहे. आणि अर्धा वापरलेला डबा शेल्फवर दोन पावसाळे ठेवून तिसऱ्या गाडीत ओतू नका. आमच्याकडच्या हवेत तो डबा आधीच पाणी पिऊन बसलेला असतो.

पाऊस, खारी हवा आणि पूर

रत्नागिरी, गुहागर, दापोलीकडच्या गाड्यांचे पिस्टन घाटावरच्या गाड्यांपेक्षा लवकर गंजतात हे मी रोज बघतो. समुद्रावर गाडी उतरवली असेल तर त्याच संध्याकाळी चाकांच्या आतल्या बाजूने गोड्या पाण्याचा साधा पाइप मारा. साधाच. प्रेशर वॉशरची धार बुटावर आणि मोटरच्या डबीवर जवळून मारली की ती माती बुटाच्या कडेखाली रेटते. वॉशिंगवाल्याला तेवढं सांगून ठेवा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणात शिरलं तेव्हा असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. पाणी ओसरल्यावर सगळ्यांचं लक्ष इंजिन, सीट आणि वायरिंगकडे होतं. ब्रेककडे लोक मागाहून वळले. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात गाळ असतो, आणि तो बुटाच्या आत, मोटरच्या कनेक्टरमध्ये, टाकीच्या झाकणातून ऑइलमध्ये, कुठेही जातो. गाडी निम्म्या चाकाच्या वर पाण्यात उभी राहिली असेल तर मागचे दोन्ही कॅलिपर खोलून बघा, कनेक्टर कोरडे करा आणि ऑइल बदला. दोन महिन्यांनी गळती घेऊन येण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

घाटाचंही सांगतो. कुंभार्ली घाट उतरताना पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर डिस्कची उष्णता पॅडमधून पिस्टनला आणि पिस्टनमधून सीलला जाते. खालच्या गिअरवर उतरा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलाय. खाली आल्यावर लगेच थांबून बटण ओढलं आणि पाच-दहा मिनिटांनी मोटरचा पुन्हा आवाज आला तर घाबरू नका. तापलेली डिस्क थंड होताना आकसते, पकड ढिली होते, म्हणून कंट्रोलर पुन्हा एकदा आवळतो.

गळती निघालीच तर

डॅशबोर्डवर लाल दिवा आणि पातळी कमी, तर गाडी उभी करा. पिवळा हँडब्रेकचा दिवा असेल तर बहुधा मोटर किंवा वायरिंग, पण ऑइल बघितल्याशिवाय निघू नका.

पिस्टन चांगला असेल, नख अडकत नसेल, तर सील आणि बुटाचं किट बसवता येतं. त्याच कंपनीचं किंवा खात्रीचं किट घ्या, नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा आणि दोन्ही बाजूंचं करा, कारण दोन्ही सीलांचं वय एकच असतं. पिस्टनला खड्डे असतील तर पिस्टन किंवा पूर्ण कॅलिपर. दांड्याचं सील गेलं असेल तर मी कॅलिपरच बदलायला सांगतो. ते सील बहुतेक गाड्यांना सुटं मिळत नाही, आणि मिळालं तरी गंजलेल्या दांड्यावर नवं सील बसवण्यात अर्थ नाही. ऑइल मोटरच्या डबीत गेलं असेल तर मोटरही बघावी लागेल. ऑइलने भिजलेले पॅड धुऊन, वाळवून परत घालू नका. त्यातलं ऑइल निघत नाही.

मास्तरांच्या गाडीचा पिस्टन दोन ठिकाणी नखाला अडकला. कॅलिपर रत्नागिरीहून मागवला, दुसऱ्या दिवशी दुपारी आला. चारही चाकांतून जुनं ऑइल काढलं तेव्हा डाव्या मागच्या चाकातून चहासारखं तपकिरी पाणी आलं. संध्याकाळी लावलेला टिश्यू सकाळी कोरडा होता. मास्तर गुहागरला रवाना झाले, मूर्ती आणायच्या आत.

जाताना त्यांनी विचारलं, गाडी गणपतीनंतर शिमग्यापर्यंत गावच्या घरीच ठेवणार आहे, हँडब्रेक ओढून ठेवू का? मी नाही म्हटलं. सपाट जागा असेल तर चाकांना दोन्हीकडून दगड लावा, गिअरमध्ये किंवा पी वर ठेवा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. गाडी बंद करताना तो आपोआप लागत असेल तर ते कसं थांबवायचं हे गाडीच्या पुस्तकात असतं. नाही तर ओल्या हवेत पॅड डिस्कला धरतात, सील महिनोन्महिने पिळलेलं राहतं, आणि तोवर बॅटरी मेली तर बटण दाबूनही सुटत नाही. शेजाऱ्याला सांगून पंधरा दिवसांतून एकदा गाडी सुरू करायची, ब्रेक चार-पाच वेळा मारायचा, बटण एकदा ओढून सोडायचं, गाडी अंगणात पुढे-मागे करायची. आणि शिमग्याला परत आल्यावर मुंबईला निघायच्या आधी, चहा पिण्याच्या आधी, टॉर्च घेऊन मागच्या दोन्ही चाकांआड वाकून बघायचं.